वहीतल्या 41 मोटरी

सेकंड इयरच्या टाइमटेबलमध्ये सीईपी नावाचा नवा चौकोन आला तेव्हा तो कोण घेणार या प्रश्नावर आमच्या स्टाफरूममधले सगळेच एकदम कामात गढून गेले. सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोग्राम. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर आलेला दोन क्रेडिटचा पेपर. आमच्याकडे एक क्रेडिट वर्गातलं, म्हणजे 15 तास, आणि एक गावातलं, म्हणजे 30 तास. भूगोलवाले म्हणाले, आमच्याकडे फील्ड प्रोजेक्ट आहेच. मराठीवाले म्हणाले, हे तर एनएसएसचं काम. मी अर्थशास्त्र शिकवतो. माझा वर्कलोड दोन तासांनी कमी भरत होता, त्यामुळे चौकोन माझ्या नावावर चढला. कुठल्याही कॉलेजात सामाजिक बांधिलकी साधारण अशीच वाटली जाते.

एनएसएसचं काम हे नाही, एवढं मात्र मला पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, 1969 पासून चालू आहे, मी स्वतः दोन वर्षं 240 तास भरून प्रमाणपत्र घेतलंय. सात दिवसांचं शिबिर, श्रमदान, संध्याकाळी पथनाट्य. तिथं आपण गावाला काहीतरी द्यायला जातो, निदान तसं समजून जातो. सीईपीत गावाकडून घ्यायला जायचं असतं. माहिती घ्यायची, शिकायचं, आणि त्या शिकण्याचे मार्क मिळवायचे. त्या बदल्यात गावाला काय, याचा रकाना मार्कांच्या तक्त्यात नाही. कार्यशाळांमध्ये याबद्दल विचारलं की व्यासपीठावरून 1937 ची वर्ध्याची नई तालीम, म्हणजे गांधीजींची कामातून शिकण्याची कल्पना, निघते, टाळ्या पडतात आणि चहा येतो.

बाहेरच्यांना वाटतं की अवघड भाग गावात असतो. तो कॉलेजच्या ऑफिसात असतो. पालकांची संमतिपत्रं, ग्रामपंचायतीला पत्र, त्याची पोच, 36 मुलांचा विमा, परतीची एसटी साडेपाचची की सव्वासहाची, मुलींच्या घरी कोण फोन करणार, आणि प्रत्येक फेरीचे जिओटॅग केलेले फोटो. फोटोत अक्षांश-रेखांश दिसले नाहीत तर आपण गेलोच नव्हतो असं धरलं जातं. मुलं नळाखाली बादली धरून बसलेली असताना मी समोर मोबाईल धरून सॅटेलाइट सापडायची वाट बघत उभा आहे, अशी माझी या पेपरची प्रतिमा आहे.

आमचं कॉलेज साताऱ्याच्या पूर्वेला, माणदेशात. जिल्हा तोच, पण महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे 500 च्या आसपास. त्यामुळे विषय शोधायला फार डोकं लागत नाही. गावाचं नाव लिहीत नाही. उंबरा 180, माणसं 900 च्या घरात. मूळ गावठाण, आणि ओढ्यापलीकडे चढावर एक वस्ती, 30 घरांची. टोकाला कोणाची वस्ती असते हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. तिचं जुनं नाव जाऊन कागदोपत्री नवीन, चांगलं नाव आलंय. पाइपलाइन मात्र जुन्या क्रमानंच जाते.

जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. प्रत्येक ग्रामीण घरात नळ आणि माणशी दररोज किमान 55 लिटर पाणी, हे त्याचं माप. या गावात नळ 100 टक्के घरांत होते. एक लाख लिटरची उंच टाकी, एक दिवसाआड भरून सोडतात. एक लाख भागिले 900 माणसं भागिले दोन दिवस, म्हणजे माणशी साडेपंचावन्न लिटर. रजिस्टर अगदी काटेकोर. ग्रामसेवकांनी (पदनाम बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात तसं कोणी म्हणत नाही) ते आम्हाला अभिमानानं दाखवलं, आणि त्यांचा अभिमान खोटा नव्हता. तेवढं पाणी खरंच टाकीतून खाली उतरत होतं.

वर्गात आम्ही सामाईक संसाधनं हा विषय घेतला होता. गावचा चराऊ माळ, तलाव, जंगल. प्रत्येकजण आपल्यापुरतं थोडं जास्त घेतो आणि शेवटी सगळ्यांचंच संपतं, हा जुना सिद्धांत. मग त्याला उत्तर म्हणून एलिनॉर ऑस्ट्रॉम, 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली स्त्री. तिचं म्हणणं असं की सरकार आणि बाजार या दोघांशिवायही माणसं सामाईक गोष्ट नीट सांभाळतात. मात्र नियम वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले असावेत, कोण किती घेतंय यावर त्यांच्यातल्याच कोणाची तरी नजर असावी, आणि मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग वाढती शिक्षा असावी. मुलांनी हे वहीत उतरवलं. याच वर्गात, पुढच्याच तासाला, मी त्यांना सर्वेक्षणाची नीती शिकवली. घरात शिरताच काय म्हणायचं ते पाठ करून घेतलं: "तुमचं नाव आम्ही कुठंही येऊ देणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका." दोन्ही तास चांगले झाले होते. ते दोन तास एकमेकांच्या अंगावर येतील असं माझ्याच काय, कुठल्याच पाठ्यपुस्तकाच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

गावनकाशा, शिवारफेरी, हंगामाचं कॅलेंडर हे सगळं केलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. शाळेच्या पटांगणात रांगोळीनं काढलेला नकाशा फोटोत छान येतो, आणि त्यात वस्ती नेहमी शेवटी काढली जाते, कारण तोवर रांगोळी संपत आलेली असते.

पाणी मोजण्याबद्दल मात्र लिहितो, कारण ते आमच्या मुलांनी फार सुंदर केलं.

फ्लो मीटर आणायला पैसे नव्हते. बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढंच. पण दुकानातली '15 लिटरची' बादली कधी 14 ची असते, कधी 16 ची. म्हणून मुलांनी लिटरच्या बाटलीनं मोजून 15 वेळा पाणी ओतलं आणि प्रत्येक बादलीत आतून रंगाची रेघ मारली. पाणी साधारण 45 मिनिटं येतं. सुरुवातीला पाइपातली हवा बाहेर पडते, नळ फुरफुरतो, ते पाणी मोजायचं नाही. सुटल्यावर दहा मिनिटांनी एकदा, मध्ये एकदा आणि जायच्या आधी एकदा, असं तीनदा मोजायचं आणि सरासरी घ्यायची. सगळ्या घरांत एकाच वेळी, कारण पाणी थांबत नाही. त्यासाठी पहाटे पोहोचायला हवं, आणि पहाटे एसटी नसते. मुलं आदल्या रात्री शाळेत मुक्कामाला राहिली. त्या मुक्कामाच्या परवानगीसाठी जी पत्रं लिहिली ती वेगळ्या लेखाचा विषय.

वस्तीवर गेल्यावर पहिल्याच घरात बादलीचा बेत फसला. तिथले नळ जमिनीच्या वर नाहीतच. चढ असल्यामुळे दाब पोहोचत नाही, म्हणून लोकांनी दोन-अडीच फुटांचा खड्डा खणून पाइप खाली उतरवलाय आणि खड्ड्याच्या तळाशी तोटी ठेवलीय. त्यात बादली मावत नाही. बायका खड्ड्यात उतरून वाटीनं, तांब्यानं पाणी वर काढतात. तिथल्या गटाच्या मुलीनं कोणाला न विचारता पद्धत बदलली. लिटरच्या बाटलीचं तोंड कापून तिचं माप केलं आणि लिटरला किती सेकंद ते मोजलं. मी पोहोचलो तेव्हा ती खड्ड्यात होती आणि वर बसलेली एक आजी तिच्या मोबाईलकडे बघून सेकंद वाचून दाखवत होती.

आकडे असे आले. टाकीजवळच्या घरांत 15 लिटरची बादली 35 सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला पंचवीसेक लिटर, 45 मिनिटांत सुमारे 1150. पाच माणसं, दोन दिवस: माणशी 115 लिटर. गावठाणाच्या मध्यावर बादलीला सव्वा मिनिट, माणशी 54. वस्तीवर एका लिटरला 24 सेकंद. मिनिटाला अडीच लिटर, 45 मिनिटांत 112, म्हणजे माणशी 11 लिटर. सरासरी काढली की पुन्हा रजिस्टरच्या जवळपास. मी वीस वर्षं फळ्यावर सरासरी आणि विषमता शिकवतोय. इतकं नेटकं उदाहरण मला रचूनही जमलं नसतं.

मोटरी आमच्या प्रश्नावलीत नव्हत्या. त्या ऐकू आल्या. पाणी सुटलं की गावठाणातल्या गल्लीत गुणगुण सुरू होते. टिल्लू. नळाला थेट मोटर लावून पाणी ओढायचं, गच्चीवरची टाकी भरायची. एका घरात मोटर लागली की शेजारचा नळ बारीक होतो, मग शेजारी मोटर आणतो. चढावरच्या वस्तीचं पाणी खाली ओढलं जातं ते असं. मुलांनी आपणहून टिपून घेतलं: 41 घरं. ती लपलेलीही नव्हती. "सगळ्यांनी लावली म्हणून आम्ही लावली," हे वाक्य वहीत इतक्या वेळा आलंय की शेवटी मुलांनी त्याला एक अक्षर ठरवून टाकलं. वर्गात ज्या सिद्धांताचं नाव लिहिताना मुलं स्पेलिंग चुकवायची, तो इथं एका वाक्यात मिळाला. गटप्रमुख मुलगी, तीच खड्ड्यातली, एकदा म्हणाली होती, "सर, आमच्या घरी पण आहे टिल्लू." ती दुसऱ्या गावची. तिनं घरांना क्रमांक दिले, आणि कोणता क्रमांक म्हणजे कोणाचं घर याची चावी एका वेगळ्या पानावर ठेवली. ते पान तिच्याकडे.

ग्रामसभेत निष्कर्ष मांडायचे हे आमच्या आराखड्यात होतं. बहुतेक कॉलेजं हे टाळतात. अहवाल बाइंड करून ग्रामपंचायतीत देतात, फोटो काढतात आणि संपलं. सरपंचांनी स्वतः विषयपत्रिकेत आमचा विषय घेतला, याबद्दल त्यांचं श्रेय त्यांना. कोरमला 15 टक्के मतदार किंवा 100, यातली जी संख्या कमी ती लागते. एरवी तेवढी माणसं जमवताना शिपायाला गावभर फिरावं लागतं. पाण्याचा विषय म्हटल्यावर त्या दिवशी मारुतीच्या मंडपात जागा उरली नाही. वस्तीवरच्या बायकाही आल्या होत्या, कडेला उभ्या.

मुलांनी चार्टपेपर लावले. तीन रंग, तीन भाग. नावं नाहीत, घरांचे क्रमांकही नाहीत. 115, 54, 11. शेवटच्या आकड्याला कोणीतरी हसलं. टाकीजवळचे एक तात्या म्हणाले, "पोरांनी बादलीनं मोजलंय. बादलीवर योजना चालत्या काय?" मुलीनं शांतपणे रेघेची गोष्ट सांगितली, तीन वेळा मोजल्याचं सांगितलं. मग ती म्हणाली, "आणि गावात 41 घरांत नळाला थेट मोटर आहे."

मंडपातला सूर तिथं बदलला.

सरपंच म्हणाले, "नावं सांग." ते चिडून नव्हते. त्यांना खरंच हवी होती. नळाला थेट मोटर लावायची नाही असा ठराव ग्रामपंचायतीनं पूर्वीच केला होता, तो कागदावर होता, आणि आता पुरावा समोर उभा होता. मुलगी म्हणाली, "नावं नाही सांगता येणार. आम्ही घरोघर सांगितलंय की नाव येणार नाही." सरपंच माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही सांगा तिला." मी म्हणालो, शब्द तिनं दिलाय, आणि तिनं तो माझ्या सांगण्यावरूनच दिलाय.

इथपर्यंतची गोष्ट सोपी आहे. सत्ता विचारते, विद्यार्थिनी नकार देते, गुरुजी पाठीशी उभे राहतात. अशी गोष्ट सांगून कार्यशाळेत टाळ्या मिळतात. पण पुढचं बोलणं सरपंचांचं नव्हतं. कडेला उभ्या असलेल्या बायकांमधून एक जण पुढं आली. पस्तिशीची असेल. म्हणाली, "पोरी, माझ्या खड्ड्यात उतरून पाणी मोजलंस तू. माझ्या घरात किती भांडी, किती माणसं, आंघोळ किती दिवसांनी, सगळं विचारलंस. मी सांगितलं. माझं पाणी कोण ओढतंय ते तुला ठाऊक आहे आणि तू मला सांगणार न्हाईस. मग आमच्याकडं आलीस कशाला?"

मुलगी काही बोलली नाही. मीही नाही. त्या बाईचा प्रश्न ऑस्ट्रॉमचाच होता. कोण किती घेतंय यावर वापरणाऱ्यांचीच नजर हवी, हे मी वर्गात सांगितलं होतं. आणि नजर ठेवायची तर नाव लागतं. निनावी माणसावर नजर कशी ठेवणार? दुसरीकडे त्या 41 घरांनी दार उघडलं होतं ते एका शब्दावर. ती घरंही काही खलनायकांची नव्हती. त्यात एक विधवा बाई होती, गुडघे गेलेले, जिला जिन्यावरून हंडे चढवता येत नव्हते.

मग बोलणं कुठंतरी भरकटलं, जसं ग्रामसभेत भरकटतं. घरकुल निघालं, कोणाच्या तरी बांधाचा विषय निघाला. ते परत पाण्यावर आलं ते पाणी सोडणाऱ्या माणसामुळे. गावात त्यांना अण्णा म्हणतात. आमच्या अहवालात ते 'माहितीदाता क्रमांक 7' आहेत, आणि या सगळ्या पद्धतीबद्दल मला काय वाटतं ते एवढ्या एका नोंदीतून कळावं. पंप, टाकी, वॉल (म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह), गळती, कोणत्या वळणावर पाइप किती जुना, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात आहे. त्याचं मानधन दोन-दोन महिने थकतं. अण्णा म्हणाले, "नावं ऱ्हाऊ द्या. वॉल दोन हायती. एक गावठाणाचा, एक वस्तीचा. मी दोनी एकदम खोलतो आन् दुसऱ्या कामाला जातो. आधी नुसता वस्तीचा खोलला तर मोटरी काय ओढतील? गावठाणात पाणीच नसंल." खड्ड्याजवळ सेकंद वाचणारी आजी लगेच म्हणाली, "मंग कर की तसं. नाव कशाला पायजे."

तसं ठरलं. आधी वस्ती, मग गावठाण. अण्णांना जास्तीचा तास थांबावं लागणार म्हणून मानधन वाढवायचंही ठरलं, प्रोसिडिंगमध्ये लिहिलं गेलं. पुढच्या पाळीला मुलं पुन्हा मोजायला गेली तर वस्तीवर बादली मावेना हा प्रश्न तसाच होता, पण लिटरला 24 ऐवजी सहा सेकंद लागत होते. परत येताना एसटीत मुलं गात होती. मी अहवालाच्या 'फलनिष्पत्ती' या रकान्यात लिहायला वाक्य जुळवत होतो.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, नमुना निवड कशी केली. सगळी घरं घेतली, मुलगी म्हणाली. मग ते म्हणाले, परिशिष्टात कुटुंबांची यादी नाही. तिनं सांगितलं, क्रमांक आहेत, नावं मुद्दाम दिलेली नाहीत. "मग तुम्ही खरंच गेला होतात याला पुरावा काय?" त्यांचा प्रश्न अन्यायाचा वाटतो, पण तो हवेतून आलेला नाही. कट्ट्यावर बसून शंभर-शंभर फॉर्म वेगवेगळ्या पेनांनी भरणारी मुलं आणि त्याकडे कानाडोळा करणारे शिक्षक त्यांनीही पाहिलेत, मीही पाहिलेत. सगळीकडे खोटं चालतं म्हणून खऱ्याकडे पुरावा मागायचा, आणि खऱ्यानं ज्या गोष्टीमुळे ते खरं आहे तीच मोडून पुरावा द्यायचा. मी जिओटॅग फोटोंची फाइल पुढे सरकवली. ती त्यांनी चाळली. ग्रामसभेत काय झालं ते त्यांनी विचारलं नाही, कारण गुणांकनाच्या तक्त्यात ग्रामसभा नाही. सादरीकरण आहे, हजेरी आहे, अहवालाची रचना आहे. तिला परिशिष्टाचे मार्क मिळाले नाहीत. वर्गात दुसऱ्या एका गटानं 'ग्रामीण स्वच्छता: एक अभ्यास' असा कुठूनही उचलता येईल असा अहवाल दिला होता, रंगीत मुखपृष्ठासह. त्यांना तिच्यापेक्षा जास्त मिळाले.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी लिहिलं नसतं. परीक्षकांवर चिडणं हा आमच्या व्यवसायातला नित्यकर्म आहे.

वॉलचा नवा क्रम काही आठवडे चालला. मग गावठाणात पाणी उशिरा येतं अशी कुरकुर सुरू झाली. मुलांची शाळा, दुधाची गाडी, शेतावर जायची वेळ, सगळ्याला पाणी आडवं यायला लागलं. अण्णांचं वाढीव मानधन प्रोसिडिंगमध्येच राहिलं. एके दिवशी त्यांनी पूर्वीसारखे दोन्ही वॉल एकदम खोलले. त्यांना कोणी सांगितलं की त्यांनीच कंटाळून केलं, हे मला दोन प्रकारे ऐकायला मिळालंय. आमचं सत्र तोवर संपलं होतं. पुढच्या बॅचला दुसरं गाव होतं, कारण एकाच गावात दोनदा गेलं की 'नावीन्य' राहत नाही.

आणि मग कॉलेजच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. माहिती अधिकाराचा अर्ज, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. अर्जदार वस्तीवरचा एक तरुण. मागितलेली माहिती: 'आपल्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या सर्वेक्षणात नळजोडणीस थेट विद्युत मोटर जोडलेली आढळलेल्या 41 कुटुंबांची नावनिशीवार यादी.' आमचं कॉलेज अनुदानित आहे, म्हणजे माहिती अधिकार कायदा, 2005 आम्हाला लागू. जनमाहिती अधिकारी हे काम खरं तर कार्यालयीन अधीक्षकांचं. ते निवृत्त झाले, पद भरलं नाही, आणि ते काम वर्कलोडबाहेरचं म्हणून माझ्याकडे आलेलं. उत्तराला मुदत 30 दिवस.

कायदा घेऊन बसलो. कलम 8(1)(ङ) विश्वासाच्या नात्यातून मिळालेल्या माहितीबद्दल आहे, (ञ) वैयक्तिक माहितीबद्दल. दोन्हींच्या आधारे नकार देता येतो. मग कलम 11. त्रयस्थानं गोपनीय म्हणून दिलेली माहिती उघड करायचा विचार असेल तर त्याला पाच दिवसांत नोटीस पाठवून त्याचं म्हणणं घ्यायचं. म्हणजे 41 घरांना कॉलेजच्या शिक्क्याची पाकिटं. पोस्टमन ज्या दारात थांबेल ते दार यादीतलं. गावात यादी मागायची गरजच उरणार नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी गावातला पोस्टमन पाहिला नसावा.

कलम 10 प्रमाणे जे देता येतं ते देणार आहे. आणि ते पुष्कळ आहे. भागवार मोटरींची संख्या, प्रत्येक ठिकाणची तिन्ही वेळची मोजमापं, वॉल एकदम आणि वेगवेगळे उघडल्यावर पडलेला फरक, तारखांसह. कोणत्याही पाणीपुरवठा अधिकाऱ्याला जाब विचारायला एवढं पुरावं. नावं नाहीत. उत्तराचा मसुदा तयार आहे. प्राचार्यांनी वाचला आणि "छान, नियमात बसतंय" म्हणाले. मला नेमकी तिथंच अडचण आहे. नियमात ते नक्की बसतंय. त्या बाईच्या प्रश्नाला ते उत्तर नाही.

मधल्या काळात मी उलट बाजूनंही विचार करून पाहिला. समजा यादी दिली. ज्या 41 जणांच्या दारात आमची पुढची मुलं कधीतरी जातील, ती दारं बंद होतील, हा तोटा कॉलेजचा. खरा तोटा त्या गुडघे गेलेल्या बाईचा. पहिली कारवाई होईल ती तिच्यावर, टाकीजवळच्या तात्यांवर नाही, हे सांगायला ज्योतिषी नको. पण न दिली तर 11 लिटर हा आकडा तिथंच राहतो, आणि आम्ही तो फक्त नीट मोजून दिला असं होतं. मोजायला गेलोच नसतो तर निदान त्या आकड्याचे साक्षीदार नसतो.

वही मुलीकडेच आहे. मसुदा पाठवण्याआधी तिला बोलावलं, कारण माहिती तिनं घेतली होती. तिनं तो दोनदा वाचला. नावं द्यायची नाहीत यावर ती ठाम आहे. अर्जदाराबद्दल तिला राग नाही, उलट अर्ज बरोबर लिहिलाय म्हणाली. त्याचं कारण साधं आहे. वर्गातल्या 15 तासांपैकी दोन तास आम्ही माहिती अधिकाराला देतो, आणि गावातल्या कामाचा भाग म्हणून मुलांनी वस्तीवर एका संध्याकाळी अर्ज कसा लिहायचा ते शिकवलं होतं. त्या अर्जाचा मथळा, परिच्छेदांचे क्रमांक, 'नावनिशीवार' हा शब्दसुद्धा आमच्या नमुन्यातला.

नकार गेला की तो पहिलं अपील करणार हे उघड आहे. ते प्राचार्यांकडे येईल आणि सुनावणीत त्याच्यासमोर मला बसावं लागेल. तो कलम 8(2) काढेल: सार्वजनिक हित मोठं असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. पाणी हे सार्वजनिक हित नव्हे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार?

"8(2) पण दाखवलं होतंत का त्याला?" मी मुलीला विचारलं.

"हो सर," ती म्हणाली. "तुम्हीच फळ्यावर चौकटीत लिहिलं होतं."